हालमड्डी म्हणजे नेमकं काय?

उदबत्तीत काय असतं, हा प्रश्न मला साठी उलटेपर्यंत कधी पडला नव्हता. सांगलीत असताना वाण्याच्या यादीत शेवटी ‘उदबत्ती १ पुडा’ लिहायचं, सकाळी देवापुढे दोन काड्या लावायच्या, इतकाच तिचा माझा संबंध. मग आम्ही दोघं मुलीकडे म्हैसूरला राहायला आलो. नातीला दम्याचा त्रास, त्यामुळे डॉक्टरांनी पहिलं फर्मान काढलं ते घरातला धूर बंद करण्याचं. आता बघा, या गावच्या उदबत्तीला २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं. एन. रंगराव यांनी १९४८ साली इथंच सुरू केलेला धंदा ‘सायकल’ छापाच्या पुड्यांतून सांगलीच्या माझ्या देव्हाऱ्यापर्यंत पोचलेला. आणि त्याच गावात येऊन माझे देव बिनउदबत्तीचे!

तडजोड अशी ठरली, की उदबत्ती लावायची ती अंगणात, तुळशीपाशी, आणि एकच. एकच लावायची तर चांगली लावू, म्हणून मी देवराज मार्केट गाठलं. फुलांच्या आणि कुंकवाच्या ढिगांमधून वाट काढत गेलं की अत्तरं, तेलं आणि उदबत्त्यांची दुकानं लागतात. मी चांगली उदबत्ती मागितली, तर म्हाताऱ्या दुकानदारांनी उलट मलाच विचारलं, “सेंटची की मसाल्याची?”

दोन्हींत फरक असतो हेच मला ठाऊक नव्हतं. त्यांनी मोडक्यातोडक्या हिंदीत तो समजावून सांगितला. कोळशाची आणि लाकडाची भुकटी चिकट पुडीत कालवून बांबूच्या काडीवर थापायची, की झाली बिनवासाची काळी कच्ची बत्ती. ती सुगंधी रसायनात बुडवून वाळवली की सेंटची उदबत्ती तयार. अत्तर पातळ करायला त्यात डायइथाइल थॅलेट नावाचं एक द्रव्य घालतात, धंद्यात त्याला नुसतं डीईपी म्हणतात. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक उदबत्त्या या जातीच्या. मसाल्याची गोष्ट वेगळी. तिथं चंदन, वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी यांची पूड लगद्यातच मळलेली असते, वरून बुडवणं नाही. “आणि तिच्यात पूर्वी हालमड्डी असायची,” असं म्हणून त्यांनी फळीमागून एक डबा काढला.

डब्यात करड्या-तपकिरी रंगाचा, काकवीसारखा दाट चिकटा होता. मी हुंगून पाहिलं. घमघमाट येईल अशी अपेक्षा होती, तर जेमतेम गोडसर, ओलसर वास आला. दुकानदार हसले. हालमड्डी स्वतः फार बोलत नाही, ती बाकीच्यांना धरून ठेवते, असं काहीसं ते म्हणाले. तिच्यामुळे मसाला बांधला जातो, वास उडून जात नाही. शिवाय ती हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून हालमड्डी आणि मध घातलेली खरी उदबत्ती बोटांना किंचित दमट लागते. नागचंपा नावाची जी उदबत्ती परदेशात इतकी गाजली, तिचं मर्म हेच. कोरडी खडखडीत उदबत्ती म्हणजे ताजी, अशी माझी आयुष्यभराची समजूत त्या फळीवर जागच्या जागी निकालात निघाली.

“हे येतं कुठून?”

“झाडातून. घाट्टाच्या काडातून.” म्हणजे घाटावरच्या रानातून.

घरी येऊन मी वही काढली. शिक्षकी पेशाची सवय, समजलं नाही की तक्ता आखायचा. तक्ता भरत गेला तसा गोंधळ वाढत गेला. मी आजवर ज्यांना सरसकट ‘धूप’ म्हणत आले, ते सगळे वेगवेगळ्या झाडांचे चीक निघाले. गुग्गुळ हा राजस्थान-गुजरातच्या कोरड्या रानातल्या काटेरी झुडपाचा. राळ सालवृक्षाची. लोबान सुमात्राकडच्या झाडाचा. सह्याद्रीच्या पावसाळी रानात आणखी दोन मोठी धूपझाडं आहेत, एकाची राळ पांढरट आणि दुसऱ्याची काळी. आणि या सगळ्यांपेक्षा निराळी ही हालमड्डी. शास्त्रीय नाव ऐलँथस ट्रायफायसा, मराठी वनस्पतींच्या पुस्तकांत गुग्गुळधूप. गुग्गुळाशी हिचं काही नातं नाही. नाव ठेवणाऱ्याने माझ्यासारख्यांचा विचार केला नसावा.

संध्याकाळी कारंजी तलावावर फिरायला येणाऱ्या मंडळींत वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांना तक्ता दाखवला. ते म्हणाले, “तुमच्या महाराष्ट्रात महारुख आहे ना? त्याची ही सख्खी बहीण.” महारुख मला चांगला माहीत. आमच्याकडे रस्त्याकडेला आणि बांधावर असतो, शेळ्यांसाठी त्याचा पाला तोडतात. पण महारुख कोरड्या मुलखात तग धरतो आणि ही बहीण ओलाव्याची. कोकण-कारवारपासून केरळपर्यंत सह्याद्रीच्या सदाहरित आणि निमसदाहरित रानात ती वाढते, पुढे ब्रह्मदेशातून थेट ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत तिची वस्ती आहे. तीस मीटरपर्यंत उंच जाते.

प्राध्यापकांनी आणखी एक धागा हातात दिला. सतराव्या शतकात कोचीचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्यात हे झाड ‘पोंगेलियन’ या नावाने आहे. ग्रंथासाठी माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य होते, तसे रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्यही होते. त्या तिघांचं १६७५ सालचं प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत, कोंकणीत छापलेलं आहे. हॉलंडमध्ये छापलेल्या त्या लॅटिन ग्रंथात नागरी अक्षरं आहेत हे ऐकल्यावर मला उगीचच माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. वैद्यांना या झाडाचं काय आकर्षण, तर त्याची साल कडूजहर, तापावर देत. चीक आमांशावर दह्यातून देत. उदबत्ती बऱ्याच नंतरची.

एवढं वाचून-ऐकून झाल्यावर झाड प्रत्यक्ष पाहायची हुक्की आली. म्हैसूर शहरात ते सहज दिसणार नाही, इथला पाऊस त्याला पुरत नाही. पण म्हैसूरहून गुंडलुपेट, बंदीपूरचं जंगल आणि मुत्तंगा ओलांडलं की केरळातला वायनाड लागतो, आणि तिथं मिरीच्या बागांतून ही झाडं आहेत. बंदीपूरच्या रस्त्यावर २००९ पासून रात्रीची वाहतूक बंद आहे, त्यामुळे पहाटे निघून अंधाराच्या आत परतायचं, या बोलीवर आमचे हे यायला तयार झाले. झाड बघायला चार तास गाडीत बसणारी बायको आपल्याच वाट्याला का आली, हा प्रश्न त्यांनी बंदीपूरपर्यंत मनात ठेवला आणि मग विचारला.

सुल्तान बत्तेरीच्या अलीकडे ड्रायव्हरच्या ओळखीच्या एका तरुण शेतकऱ्याची बाग होती. कॉफी, मिरी, थोडी सुपारी. मी ‘हालमड्डी’ म्हटलं, त्याला कळेना. ड्रायव्हरने ‘मट्टी’ म्हटल्यावर त्याने हसून चहूकडे हात फिरवला. म्हणजे मी झाडांच्या मधोमध उभी राहून झाड शोधत होते. सरळसोट करडे बुंधे, खाली फांदी म्हणून नाही, आणि पार वर हातहात लांब, पुष्कळ पर्णिकांची पानं झुबक्यांनी सुटलेली. प्रत्येक बुंध्याला मिरीचा वेल लपेटलेला.

मी विचारलं, हे डिंकासाठी लावलंय का? तो म्हणाला, “डिंक? नाही चेची. मिरीला आधार म्हणून. आणि काड्यापेटीसाठी.”

काड्यापेटी! मग ती कहाणी सुरू झाली. पूर्वी मिरीचे वेल पांगाऱ्यावर चढवत. २००५ च्या आसपास पांगाऱ्यावर गाठी करणारी एक चिमुकली गांधीलमाशी आली आणि बागांतले पांगारे मरू लागले. ज्यांनी पर्याय शोधला त्यांतल्या काहींनी मट्टी लावली. भराभर सरळ वाढते, सावली दाट करत नाही, आणि पुढे लाकूड विकता येतं. लाकूड पांढरट, हलकं, मऊ, सरळ रेषांचं. त्याच्या काड्या सुबक निघतात आणि मेण नीट पितात. माल जातो तमिळनाडूकडे. शिवकाशीच्या अय्या नाडर आणि षण्मुग नाडर यांनी १९२२ साली कलकत्त्याला जाऊन हा धंदा शिकून आणला, तेव्हापासून तो सगळा पट्टा काड्यापेट्यांचा. आपल्याकडे अंबरनाथला स्वीडिश मालकीच्या विमकोचा कारखाना उभा राहिला तोही त्याच दशकात. तिथं सुरुवातीला लाकूड परदेशातून येई, मग देशी मऊ झाडांचा शोध सुरू झाला, त्यात काटेसावर आली आणि मट्टीही आली. म्हणजे ज्या काडीने मी उदबत्ती पेटवते ती काडी आणि जी पेटवते ती बत्ती, दोन्हींत एकच झाड असू शकतं. हे मी मोठ्या उत्साहाने त्या तरुणाला सांगितलं. त्याने विनयाने मान हलवली. त्याला वेलांना पाणी द्यायचं होतं.

लागवडीबद्दल त्याने सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. बी कागदी पंखाच्या मधोमध असतं, उन्हाळ्याच्या तोंडी गळतं आणि वाऱ्यावर उडतं. ते साठवून ठेवायचं नाही. हवेवर ठेवलेल्या बियांची उगवण झपाट्याने कमी होते, म्हणून गोळा केलं की लगेच वाफ्यावर पेरायचं, वर पातळ सावली करायची. रोपं पिशवीत चढवायची आणि पहिल्या दमदार पावसाला जमिनीत लावायची. पाणी साचणारी जागा चालत नाही. निव्वळ लाकडासाठी असेल तर दोन-तीन मीटरवर दाट लावून पुढे विरळणी. तोडल्यावर ओंडके पडून राहिले तर निळसर बुरशी धरतात, भुंगेरे लागतात, म्हणून गिऱ्हाईक ठरल्याशिवाय कुऱ्हाड लावायची नाही. काड्यापेटीसाठी झाड सात-आठ वर्षांत तोडायला येतं.

“आणि डिंक?”

यावर तो आम्हाला बागेच्या कडेला घेऊन गेला. तिथं एक जुनं झाड होतं, दोघांच्या कवेत न मावणारं. सालीवर जुन्या खाचांच्या भरून आलेल्या जखमा. आजोबांच्या वेळी डिंकवाले येत, खाचा पाडून जात, थोड्या दिवसांनी परत येऊन खरवडून नेत. कोवळ्या झाडातून काय निघणार? डिंकाला असं वयस्क झाड लागतं. त्याने कोयत्याने एक लहानशी खाच पाडली. आम्ही वाट पाहत उभे. काहीच घडेना. चहा पिऊन आलो तेव्हा खाचेच्या कडेला फिकट करडे मणी जमले होते. सालीचा कपचा मी जिभेला लावून पाहिला. व्हान ऱ्हीडेच्या वैद्यांनी कडूपणाबद्दल अतिशयोक्ती केली नव्हती.

तिथं मला पहिल्यांदा खरा पेच दिसला. आधी मी दुकानदाराचं ‘पूर्वी असायची’ ऐकून समजत होते, की झाडच नाहीसं होतंय म्हणून हालमड्डी मिळत नाही. इथं तर झाड डोळ्यांदेखत वाढत होतं, माणसं पैसे घालून लावत होती. पण ती तोडली जातात डिंकाच्या वयाला पोचण्याआधीच. रानातली जुनी झाडं आहेत, तिथं वाटेल तशा खाचा घालून भागणार नाही, झाडच जायचं. म्हणजे लागवडीतलं झाड लवकर मरतं आणि रानातल्या झाडाला हात लावायचा नाही, मग उदबत्तीवाल्याने डिंक आणायचा कुठून? त्याने त्याचं उत्तर कधीच शोधलंय, सेंट आणि डीईपी.

जुन्या झाडाखालची दोन रोपं आणि ताज्या बियांचा पुडा घेऊन मी परतले. बिया उगवल्या, पुढे त्यांतल्या बहुतेक सुकल्या. रोपांपैकी एक अंगणात, एक कुंडीत. अंगणातल्याने पावसात अशी मुसंडी मारली की शेजारच्या निवृत्त इंजिनिअरसाहेबांनी कुंपणावरून विचारणा केली, हे किती उंच जाणार आहे? मी खरं सांगितलं. त्यांनी लगेच मनात झाड, कुंपण आणि त्यांची गाडी यांचं गणित मांडलेलं मला स्पष्ट दिसलं.

पण साहेबांची काळजी एका अळीने परस्पर मिटवली. शेंड्याच्या पानांवर जाळं दिसू लागलं. प्राध्यापकांनी पाहताक्षणी ओळखलं, ॲटेव्हा. ही अळी जाळ्यात राहून कोवळी पानं आणि शेंडा खाते. शेंडा गेला की झाडाला बाजूने फाटे फुटतात आणि सरळ बुंध्याची आशा संपते, म्हणून काड्यापेटीवाले हिला फार भितात. हिचा पतंग मात्र केशरी, पांढऱ्या ठिपक्यांचा, देखणा. दुसरी एक पिवळी, काळ्या पट्ट्यांची केसाळ अळी असते, एलिग्मा. ती सालीलाच सालीच्या रंगाचा कागदी कोष चिकटवते, आणि कोषाला धक्का लागला की आतला कोषित जीव खुळखुळ वाजतो. हे मला खोटं वाटलं. वायनाडच्या तरुणाला फोनवर विचारलं तर म्हणाला, हो, लहानपणी आम्ही मुद्दाम वाजवायचो.

उदबत्ती वळायला शिकायचं हे माझ्याही डोक्यात नव्हतं. मार्केटातल्या दुकानदारांनीच उदयगिरी भागातल्या एका बाईंचा पत्ता दिला. त्या मसाल्याची बत्ती हाताने वळणाऱ्या जुन्या पिढीतल्या. घरात दख्खनी बोलतात, आणि माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही, कारण त्यांच्या दर तिसऱ्या वाक्यात आपलं ‘नक्को’ होतं. इतके महिने कानडीत चाचपडल्यावर कोणीतरी मला कळेल असा नकार दिला.

बाईंनी, म्हणजे आपांनी, पाट पुढे ओढला. मसाल्याचा काळपट गोळा, शेजारी काड्या, एका ताटलीत कोरडी भुकटी. गोळ्याचा बेताचा तुकडा पाटावर ठेवायचा, त्यावर काडी, आणि तळव्याने एकदा पुढे लोटायचं. त्यांच्या हाताखाली तो तुकडा काडीवर सारखा पसरत गेला, खालचं टोक बरोबर मोकळं राहिलं, मग भुकटीत घोळून काडी बाजूला. माझ्या हाताखाली एका टोकाला गाठ आणि दुसऱ्या टोकाला नुसता बांबू.

“अक्का, इत्ता जोर नक्को. हल्लू, हल्लू.”

मी हल्लू केलं तर मसाला काडीला धरेना. आपांची सून आत हसत होती. माझ्या बत्त्या त्यांनी वेगळ्या ठेवल्या, कारण त्यांना हजाराच्या हिशेबाने पैसे मिळतात आणि माझा माल त्या हजारात मोजण्याजोगा नव्हता. गप्पांत कळलं, की मसाल्याचं काम आता कमीच येतं. काळी कच्ची बत्ती यंत्रावर होते. मध्यंतरी तर ती तयारच व्हिएतनामहून यायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सरकारने उदबत्तीच्या आयातीवर निर्बंध घातले, पुढच्या वर्षी बांबूच्या काडीवरचं आयात शुल्क दहा टक्क्यांवरून पंचवीसवर नेलं, तेव्हा इथल्या लोकांना काम मिळालं, पण ते यंत्रावर. त्यांच्या मसाल्यात हालमड्डी आहे का, विचारलं. आपांनी माझ्याकडे, सोन्याचा भाव विचारणाऱ्या भिकाऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं. चिकटपणाला जिगट आहे, झालं.

जिगट म्हणजे कशाची पूड, हे वहीत भरताना नवं झाड निघालं. मैदालकडी आणि गुळंब या झाडांच्या सालीची ती पूड. गुळंबही त्याच सदाहरित रानातला, आणि त्याची साल सगळीकडून सोलली तर झाड उभ्याउभ्या वाळतं. माझ्या तक्त्याला आणखी एक रकाना जोडला आणि वही मिटली.

सध्याची स्थिती अशी. वायनाडच्या तरुणाने जुन्या झाडाचा थोडा चीक बाटलीत भरून ड्रायव्हरबरोबर पाठवला. मी तो मार्केटात नेला. दुकानदारांनी बोटावर घेतला, ताणला, हुंगला, आणि म्हणाले, असली आहे. भाव काय द्याल? ते म्हणाले, आधी माल किती आहे ते कळू द्या. तरुणाला कळवलं. तो म्हणाला, आधी भाव सांगा, मग घाव घालतो, नाहीतर लाकूडवाला कंत्राटदार त्या जुन्या झाडाचेही पैसे द्यायला तयार आहे. पुन्हा मार्केट. पुन्हा फोन. मी मधल्या मध्ये, दोघांच्याही भाषा न येणारी दलाल.

मार्चपर्यंत मिरी उतरून होईल, मग कंत्राटदार येणार. परवा मी दोघांना एकमेकांचे फोन नंबर देऊन टाकले. एक कानडी बोलतो, एक मल्याळी. आमचे हे म्हणाले, कसं जमणार त्यांचं? मी म्हटलं, पैशाचं बोलायचंय, जमेल.